ताटाची डावी बाजू

ह्यांनी चटणी खायचं सोडलंय हे मला कळलं, तेव्हा दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झाला होता. जन्मभर कारळ्याच्या चटणीशिवाय भाकरीचा घास न उतरलेला माणूस. मी नेहमीसारखं ताट वाढत होते. चटणी, लोणचं, काकडीची कोशिंबीर आणि लिंबाची फोड डावीकडे, भाजी आणि वरणाची वाटी उजवीकडे, मध्ये भात. रोज उजवी बाजू चाटूनपुसून स्वच्छ व्हायची आणि डावी जशीच्या तशी परत यायची. आजारानं तोंडाची चव गेली असेल, असं मी धरून चालले होते. एकदा ताट उचलायला वाकले आणि भाताकडे नजर गेली. मूद मधोमध सुरीनं कापावी तशी अर्धीच खाल्ली होती.

"पोट भरलं का?" मी विचारलं.

"कुठलं? तू हल्ली हात आखडूनच वाढतेस."

मी काही बोलले नाही. ताट तसंच धरून अर्धं फिरवलं. ह्यांचा चेहरा उजळला. "अगं, चटणी केली होतीस की! मग आधी का नाही वाढलीस?"

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. बाहेर स्टेशन रोडची रहदारी नेहमीसारखी चालू होती. समोर हे मन लावून चटणी खात होते. आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की ज्या जगात आम्ही दोघं राहतो असं मी समजत होते, त्या जगाचा अर्धा भाग ह्यांच्याकडे आता नाही. तो नाही, याचीही त्यांना खबर नाही.

मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, तो व्यायामानं थोडाथोडा ताळ्यावर येत होता. हे दुखणं मात्र निराळं होतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला मी चटणीची गोष्ट सांगितली, तेव्हा तिनं एक कागद मागून घेतला आणि ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल नेटका काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं बसवले. मग तिनं एक आडवी रेघ मारली आणि म्हणाली, काका, हिच्या बरोब्बर मधोमध खूण करा. ह्यांनी खूण केली ती उजव्या टोकाच्या जवळ. "डोळे चांगले आहेत," ती मला म्हणाली. "डोळ्यांना डावी बाजू दिसते. मेंदू ती हिशेबात धरत नाही."

रेघेचा मध्य चुकणं ही ह्यांच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती. हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. जायकवाडीच्या कालव्यांचे नकाशे काढण्यात उमर गेली. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एक निळा नकाशा लावलेला होता, आणि पहिला धडा मला त्यावरच मिळाला होता: नदीचा डावा-उजवा काठ माणसाच्या सोयीनं ठरत नाही. पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग डाव्या हाताला येईल तो डावा काठ. पैठणच्या धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, उजवा 132. ह्यांची बहुतेक नोकरी डाव्या कालव्यावर झाली.

म्हणून पुढचा प्रयोग मी केला. लेकीनं फोनवर सांगितलं होतं, की 1978 साली एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती या दोन इटालियन संशोधकांनी अशाच दुखण्याच्या माणसांना मिलानमधल्या कॅथेड्रलसमोरचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितला होता. चौकाच्या एका टोकाला उभे आहात अशी कल्पना करा आणि काय काय दिसतं ते सांगा. त्या माणसांनी उजव्या हाताच्या इमारती घडाघड सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग त्यांना मनातल्या मनात समोरच्या टोकाला नेऊन उलटं तोंड करायला लावलं. आता मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या आणि मघाशी सांगितलेल्या गायब झाल्या.

एका दुपारी मी ह्यांना म्हटलं, "अहो, धरणाच्या भिंतीवर उभे आहात. तोंड पाणी वाहतं तिकडे. काय काय आहे सांगा." ह्यांनी डोळे मिटले आणि उजवा कालवा गेवराईवरून पार माजलगावच्या जलाशयात नेऊन सोडला. मी थांबले. "आणि?" "आणि काय? झालं." पैठण गाव नाही. संत एकनाथांचं मंदिर नाही. अंबड, परतूर, पाथरी, परभणीकडची शिवारं, जिथे ह्यांनी उन्हातान्हात साखळ्या ओढल्या, त्यातलं एकही नाव नाही. मग मी म्हटलं, "आता पाठ फिरवा. जलाशयाकडे तोंड करा." आणि उजव्या हाताला पैठण आलं, नाथांच्या मंदिराचा कळस आला, डावा कालवा त्याच्या सगळ्या चाऱ्यांसकट आला. गेवराई आणि माजलगाव बुडाले.

स्मरण शाबूत होतं. सगळं आत होतं. आतल्या आत पाहणारा जो कोणी आहे, त्याची मान एका बाजूला वळत नव्हती.

मी मराठीची शिक्षिका. पस्तीस वर्षं शब्दांबरोबर काढली, तरी 'डावलणे' या क्रियापदात डावी बाजू आहे हे मला ह्यांच्या ताटानं शिकवलं. एखाद्याला डावलणं म्हणजे त्याला डावीकडे टाकणं, हिशेबाबाहेर ठेवणं. डावं-उजवं करणं म्हणजे भेदभाव करणं. आमची भाषा हे दुखणं कधीपासून ओळखून आहे.

'लक्ष' या शब्दाचंही तसंच. मराठीत लक्ष दोन तऱ्हेचं आहे. एक 'जातं' आणि एक आपण 'देतो'. रस्त्यावर भांडं पडलं की लक्ष जातं, परीक्षेचा पेपर तपासताना लक्ष द्यावं लागतं. मुलांना व्याकरण शिकवताना मी हा फरक फळ्यावर लिहीत असे, केवळ वाक्प्रयोगांचा फरक म्हणून. आता लेकीनं पाठवलेलं वाचताना कळलं, की मॉरिझिओ कोर्बेटा आणि गॉर्डन शुलमन यांनी 2002 साली मेंदूतली लक्षाची व्यवस्था जवळजवळ अशीच मांडली. आपण ठरवून लक्ष देतो त्याचं जाळं मेंदूच्या वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना. अनपेक्षित काही घडल्यावर लक्ष खेचून नेणारं जाळं खालच्या अंगाला, आणि ते मुख्यतः उजवीकडे. उजव्या कानाच्या वर, जरा मागे, जिथे मेंदूचे दोन खंड एकमेकांना भिडतात, तिथे या दुसऱ्या जाळ्याचं एक मोठं ठाणं आहे. ह्यांची गुठळी त्याच मुलखात अडकली होती.

आणि इथंच मला ती गोष्ट भेटली जिच्यामुळे हा लेख लिहायला बसले. रेबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर या दोघींनी 2003 मध्ये दाखवलं, की दुसरा माणूस काय विचार करत असेल, त्याची समजूत काय असेल, हे आपण ताडतो तेव्हाही त्याच जागेचा भाग जागा होतो. माझी नात तीन वर्षांची असताना मी लाडवांचा डबा तिच्यादेखत फडताळातून काढून कोठीत ठेवला आणि विचारलं, आजोबा आल्यावर लाडू कुठे शोधतील? ती म्हणाली, कोठीत. तिला ठाऊक होतं म्हणजे आजोबांनाही ठाऊक असणार. दोन वर्षांनी तोच प्रश्न विचारला, तर ती हसली. "आजोबांना कसं माहिती असेल? ते फडताळात बघतील आणि फसतील." दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं जग आहे, हे कळायला माणसाच्या पोराला चार-पाच वर्षं लागतात. ते कळणं आणि अचानक वळणारं लक्ष, दोघांचा मेंदूत शेजार आहे. एकच काम आहे की भिंतीला भिंत लागून दोन बिऱ्हाडं आहेत, यावर संशोधकांचा वाद आहे. तो त्यांचा त्यांनी मिटवावा. मला तो शेजारच पुरेसा वाटतो, कारण मी तो घरात पाहिला.

त्या दिवसांत एकदा माझा धीर सुटला. रात्रीची जागरणं, औषधांचा खर्च, लेक दूर. मी खुर्ची ओढून ह्यांच्या पलंगाशी बसले आणि तोंडाला पदर लावून रडायला लागले. हे पेपर वाचत होते. वाचतच राहिले. शेवटी मीच डोळे पुसले आणि उठले. उठताना लक्षात आलं, मी डावीकडे बसले होते.

बायकोला वामांगी म्हणतात. पंढरीत रखुमाई विठ्ठलाच्या डाव्या हाताला आहे असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. आणि माझ्या नवऱ्याच्या जगात डावी बाजूच उरली नव्हती. मी खुर्ची उचलून पलीकडे नेली. आता हे माझ्याकडे पाहत होते, पण तरीही चेहऱ्यावर काही उमटेना. उजव्या मेंदूला इजा झालेल्या कित्येकांना आवाजातला कंप, चेहऱ्यावरचं दुःख वाचणं अवघड जातं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "अहो, माझ्याकडे बघा. मी रडतेय." ह्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात पुढे आला.

त्या रात्री मला जो प्रश्न पडला तो वैद्यकाचा नव्हता. आमचं माहेर वारकऱ्यांचं. भूतदया ही माणसाची कमाई आहे, नाम घेऊन, संतांच्या पायाशी बसून ती कमवायची असते, हे मी गृहीत धरलेलं होतं. आणि इथे एक बोटभर रक्तवाहिनी बंद झाली आणि बायकोचं रडणं जगातून नाहीसं झालं. मग दया कोणाची? या माणसाची की त्या रक्तवाहिनीची? माझ्या माहेरच्या माणसांनी आयुष्यभर जी मिळवली ती पुण्याई, की निव्वळ रक्ताचा नीट चाललेला पुरवठा?

हा प्रश्न मी झटकून टाकू शकले नाही. आत्मा वेगळा, शरीर वेगळं, असं म्हणून मोकळं होता येतं, पण मी ताट फिरवलेलं होतं. ज्याला आपण आत पाहणारा म्हणतो, त्याची मान मांसाच्या एका तुकड्याबरोबर अडकते हे मी धरणाच्या भिंतीवर पाहिलं होतं. तरीही उलट बाजूनं दया हे केवळ यंत्र, असंही मला म्हणता येईना. कारण हात पुढे आला होता. उशिरा आला, मी सांगितल्यावर आला, पण आला.

विचार करता करता मला भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. हे कधीच म्हणाले नाहीत, की मला डावीकडचं दिसत नाही. त्यांच्या दृष्टीनं ताट पूर्ण होतं, फक्त अन्न कमी होतं. कागद पूर्ण होता, घड्याळ पूर्ण होतं. जे गळलं त्याची जागा रिकामी दिसत नाही. भोक दिसत नाही. मग ह्यांनी कितीही ध्यान लावलं, कितीही अंतर्मुख झाले, तरी आत त्यांना काय सापडणार? उजवीच बाजू. ज्याची उणीव भासतच नाही ती गोष्ट मनात खोल उतरून शोधता येत नाही.

आम्हाला शिकवलं जातं की डोळे मिट, आत पाहा, सगळं आत आहे. मी हे सत्तरी गाठेपर्यंत मानलं. आता मानत नाही. सगळं आत असेलही, परभणीपर्यंतचा कालवाही आतच होता. पण त्याच्याकडे मान वळवायला बाहेरून कोणीतरी म्हणावं लागलं, की आता पाठ फिरवा.

माझ्या पारायणाच्या पोथीकडे मी या नजरेनं परत गेले. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. तेवढं द्या, मग सर्व सुखाला पात्र व्हाल, असं वचन देतात. नेवासे इथून साठेक किलोमीटर. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे बसलेल्या मंडळींपुढे हा मुलगा हे मागतो, आणि आज आमच्या मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकात 'अटेन्शन' या इंग्रजी संज्ञेला शब्द आहे तोही 'अवधान'च. मी आजवर ते बोलणं नम्रतेचं समजत होते, वक्त्यानं श्रोत्यांना दिलेला मान. आता वाटतं, ती उपचाराची पहिली पायरी आहे. लक्ष आपोआप जाणार नाही, ते द्यावं लागेल, आणि द्या असं कोणीतरी म्हणावं लागेल.

व्यायामाच्या मुलीनं पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून दिली होती. ओळ वाचण्याआधी पट्टी सापडेपर्यंत नजर मागे न्यायची. पहिले काही दिवस मला दर ओळीला सांगावं लागे, "पट्टी." मग दर परिच्छेदाला. आणखी एक गोष्ट आम्हाला आपसूक सापडली. संध्याकाळी मी देवापुढे हरिपाठ म्हणते. टाळ हातात घेऊन पहिला ठोका दिला, की हे क्षणभर सरळ व्हायचे आणि डावीकडे असलेल्या देव्हाऱ्याकडे बघायचे. मला तो विठ्ठलाचा चमत्कार वाटला होता, आणि तसं म्हणायला मी आजही लाजत नाही. पण इयन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हेच मोजलेलं आहे. अशा रुग्णांना डावीकडची घटना उजवीकडच्या घटनेच्या जवळजवळ अर्धा सेकंद मागाहून जाणवते. अधूनमधून एक खणखणीत आवाज केला, की त्या आवाजामागून काही क्षण हा फरक पुसला जातो. आवाज कुठल्या बाजूनं आला याला महत्त्व नाही, जागं होण्याला आहे. देवळात शिरताना घंटा का वाजवायची, याची मी लहानपणी ऐकलेली उत्तरं अशी होती की देवाला जागं करायला. देव बहुधा जागाच असतो.

अमेरिकेत एक बाई आहेत, शास्त्रज्ञांच्या लिखाणात त्यांचं नाव फक्त एस. एम. एवढंच येतं. मेंदूत बदामाएवढी एक गाठ दोन्ही बाजूंना असते, भीती ओळखण्याशी तिचा संबंध आहे. एका आजारात त्यांच्या दोन्ही गाठी निकामी झाल्या. समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती त्यांना कळत नसे. 2005 मध्ये राल्फ अ‍ॅडॉल्फ्स यांनी शोधून काढलं, की त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत. त्यांना सांगितलं, डोळ्यांकडे पाहा. त्यांनी पाहिलं, आणि भीती ओळखली. पण सांगणं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखं. दर वेळी सांगावं लागे. हे वाचलं त्या दिवशी मला नित्यनेम या शब्दाचा अर्थ लागला. काल हरिपाठ झाला म्हणून आज होत नाही, याचा मला पूर्वी कंटाळा यायचा.

मी कॉलेजला नागसेनवनात होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात. आमच्या घरात त्यावरून बरीच कुजबूज झाली होती. ज्या मिलिंद राजाच्या नावानं ते कॉलेज आहे, त्यानं भदंत नागसेनांना विचारलेला एक प्रश्न पालीच्या सरांनी आम्हाला सांगितला होता: मनसिकार, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे मन लावणं, आणि प्रज्ञा, यांत फरक काय? नागसेनांचं उत्तर शेतातलं होतं. सातू कापणारा डाव्या हातानं पेंढी धरतो आणि उजव्या हातातल्या विळ्यानं कापतो. तो डावा हात म्हणजे मनसिकार, विळा म्हणजे प्रज्ञा. मी गव्हाची सोंगणी पाहत वाढलेली मुलगी, मला ते लगेच पटलं होतं. डाव्या हाताची मूठ सैल पडली, तर विळा कितीही धारदार असो, नुसता हवेत फिरतो. पन्नास वर्षांनंतर, ह्यांच्या लुळ्या डाव्या हाताला तेल लावताना ते उत्तर मला पुन्हा आठवलं आणि माझा हात थांबला.

ह्यांना मी एका क्षणासाठीही दोष दिला नाही. कोण देईल? ज्याची मान वळतच नाही त्याला, वळला का नाहीस, असं विचारता येत नाही. पण मग स्वतःकडे पाहिलं. माझ्या मेंदूत गुठळी नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठात लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी 2006 साली विद्यार्थ्यांना निरनिराळ्या माणसांची छायाचित्रं दाखवून त्यांचे मेंदू तपासले. कपाळामागचा मधला भाग, जो एरवी माणूस दिसला की जागा होतो, तो रस्त्यावर राहणाऱ्या आणि नशेत बुडालेल्या माणसांची चित्रं पाहताना तितका जागा झाला नाही. जणू समोर माणूसच नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं असतं, पण दोघांनी पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट करून पाहिली. त्याच छायाचित्रांबरोबर एक साधा प्रश्न विचारला: या माणसाला अमुक भाजी आवडत असेल का? आणि तो भाग जागा झाला. मूठभर विद्यार्थ्यांवरचा प्रयोग, त्यावर मोठी इमारत बांधू नये हे मला कळतं. तरी शिक्षिका म्हणून सांगते, इतका थोडक्यात नेमका प्रश्न मी वर्गात कधी विचारू शकले नाही.

पैठणच्या वाळवंटातली नाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. भर दुपारी गोदावरीची वाळू तापलेली, अस्पृश्य ठरवलेल्या वस्तीतलं एक मूल तिथे रडत होतं, आणि नाथांनी ते उचलून त्याच्या घरी नेलं. मी ती कथा नाथांच्या धैर्याची म्हणून वर्षानुवर्षं शिकवली, वर्गच्या वर्ग घेऊन जवळच्या संत एकनाथ रंगमंदिरात मुलांना भारुडंही दाखवली. शिकवताना मी कधी विचारलं नाही, की त्या वेळी घाटावर आणखी किती माणसं असतील. त्यांचे कान चांगले होते. रडणं त्यांच्या कानावर पडलंच असेल. शिवाशिवीच्या भीतीनं काही थांबले असतील, हे खरं. पण बाकीच्यांना, मला वाटतं, वाळवंट रिकामंच दिसलं असेल. पूर्ण ताट, फक्त डावी बाजू नाही. आणि ज्यांनी ते ऐकलं त्या नाथांनी पुढे आंधळा, बहिरा, मुका, जोशी, महार अशा एकेकाच्या तोंडून भारुडं लिहिली, दुसऱ्याच्या डोक्यात शिरून तिथून बोलले. लक्ष आणि दुसऱ्याचं मन, तोच शेजार.

शहराबाहेरच्या औरंगाबाद लेण्यांत, सातव्या लेणीत, अवलोकितेश्वर उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेल्या माणसांची लहान लहान दृश्यं कोरली आहेत: आग, सिंह, साप, हत्ती, बुडणारी नाव. प्रत्येक दृश्यात कोणीतरी त्याला हाक मारतंय. त्याचं नावच पाहण्यावरून पडलं. हाक आली की पाहतो तो. सहलीला आलेली मुलं विचारायची, बाई, हा एवढ्या सगळ्यांकडे एका वेळी कसं बघत असेल? मी सांगायचे, बोधिसत्त्व आहे म्हणून. आता विचारलं तर म्हणेन, त्यांनी हाक मारायचं सोडलं नाही म्हणून.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई अकरा वर्षं येते आहे. काम झालं की मागच्या दारात, पायरीच्या कडेला बसून चहा पिते. स्वयंपाकघरात मी ओट्याशी उभी असले की ती पायरी माझ्या डाव्या हाताला येते. ह्यांच्या आजारात तिनं जेवढं केलं तेवढं नात्यातल्या कोणी केलं नाही, आणि मी तिला पगार, दिवाळी, जुन्या साड्या सगळं वेळेवर दिलेलं आहे. हिशेबात कधी चूक नाही. एके दिवशी मी चहा घेऊन तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि विचारलं, तुला भाजी कुठली आवडते?

ती गोंधळली. "काय बी चालतंय बाई."

"चालतंय नव्हे. आवडते कुठली?"

ती हसली, कप विसळून ठेवला आणि गेली. मी समजले, उत्तर एवढंच. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ असताना, ती म्हणाली, "अंबाडीची. जवारीच्या कण्या टाकून. माय करायची." मग थांबली. "वरून लसणाची फोडणी. जास्तीची."

गुरुवारी मी शहागंजातून अंबाडीची जुडी आणली. भाजी कशी परतायची ते तिनं ओट्याशी माझ्या शेजारी उभी राहून सांगितलं, कण्या किती वेळ शिजू द्यायच्या तेही. तिचं ताट आणि ह्यांचं ताट एकाच वेळी वाढलं. ह्यांच्या ताटात भाजी मी मुद्दाम डावीकडे वाढली, चटणीच्या जागी, आणि वाटीच्या काठावर चमचा वाजवला.

हे थांबले. मान आधी माझ्या दिशेनं आली, मग ताटावरून हळूहळू सरकत कडेपर्यंत गेली.

"अंबाडी?" ते म्हणाले. "कोणाची आवड ही?"